तोल जातो तो केवळ अशक्तपणामुळे नव्हे

महोदय,

जुलै 2025 मध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्ला सुमारे 20 दिवस अंतराळात राहून पृथ्वीवर परतले, तेव्हा ‘पायांतली ताकद गेली म्हणून आधार लागतो’ असे सर्रास सांगितले गेले. एवढ्या दिवसांत स्नायू थोडे उतरतात हे खरे, पण मुख्य गोंधळ कान आणि मेंदू यांच्यातला असतो.

आपल्या अंतर्कर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण एका बुळबुळीत पडद्यावर बसलेले असतात. मान कलली की ते वजनाने सरकतात आणि ‘खाली’ कुठे हे मेंदूला कळते. कक्षेत मान कितीही कलवून ठेवा, कण जागचे हलत नाहीत. डोके वळल्याचे सांगणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका मात्र चालूच असतात. हे जुळत नाही म्हणून पहिले दोन-तीन दिवस अनेकांना मळमळते.

सल्यूत-7 या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर (पुढे 1984 मध्ये राकेश शर्मा गेले ते हेच) 1982 साली फ्रेंच अंतराळवीर झाँ-लू क्रेतियाँ यांच्या मोहिमेत एक सुंदर प्रयोग झाला. पाय जमिनीला जखडून उभे राहायचे आणि हात झटकन समोर उचलायचा. पायांच्या स्नायूंवर, ते कधी आवळतात हे टिपणारे इलेक्ट्रोड. पृथ्वीवर हात हलण्याच्या क्षणभर आधीच पायांचे स्नायू आवळतात, नाहीतर तोल पुढे जाईल. तिथे पडायची सोयच नाही, तरी ही पूर्वतयारी सुटली नाही! बदलले ते नुसते उभे राहणे: पोटरी सैल पडली आणि घोट्याला पुढे वाकवून धरण्याचे काम नडगीवरच्या स्नायूने घेतले. अशा मोजणीत पायाचा पट्टा ढिला राहिला किंवा इलेक्ट्रोड बोटभर सरकला, की आधीच्या नोंदींशी तुलनाच करता येत नाही.

परतल्यावरची चाचणी अशी: डोळे मिटून 20 सेकंद फळीवर उभे राहायचे. शरीर जेवढे झुलेल तेवढीच फळी कलते, म्हणजे घोट्याकडून खबर मिळत नाही. उरतो फक्त कान. त्यात मान मागे-पुढे हलवायला सांगितली की उरलेला दोषही उघडा पडतो.

हा तोल पहिल्या काही तासांतच झपाट्याने सावरू लागतो. म्हणून गगनयानच्या अंतराळवीरांची ही चाचणी उड्डाणाआधी अनेकदा व्हावी आणि परतल्यावर सत्कार-भाषणांच्या आधी, त्याच दिवशी व्हावी. दुसऱ्या दिवशी घेतलेले आकडे पहिल्या दिवसाच्या आकड्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

– शरीरक्रियाशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे