वरळीच्या नव्या बागेला ‘दलित पँथर उद्यान’ नाव द्या : गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहनिर्माण मंत्री साहेब,
सप्रेम जय भीम.

मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. १६० स्क्वेअर फुटांची खोली, मधे लांब अंधारा पॅसेज, टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. आता तिथे टॉवर उभे राहिलेत, लोकांना चाव्या मिळतायत, आणि माझ्या आईच्या वयाच्या बायकांना म्हातारपणी का होईना घरात संडास मिळतोय याचा मला मनापासून आनंद आहे. पण चाळी पाडल्या की तिथे काय घडलं ते सांगणाऱ्या भिंती पण जाणार, म्हणून हे पत्र लिहितोय. मागणी एकच आहे. या पुनर्विकासात बागेसाठी जी मोकळी जागा ठेवलीय त्यातल्या एका बागेला ‘दलित पँथर उद्यान’ हे नाव द्या.

१९७२ साली दलितांवरच्या अत्याचारांविरुद्ध लढणारी दलित पँथर ही संघटना मुंबईत उभी राहिली तेव्हा ही सगळी विशी-तिशीतली पोरं होती. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही नावं आपल्याला माहीत आहेत, पण त्यांच्यामागे हॉस्टेलमधली, झोपडपट्टीतली, चाळीतली हजारो पोरं होती ज्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. तेव्हा पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात दलित वस्तीवर गावाने बहिष्कार टाकला होता, परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित बायकांची विटंबना झाली होती, दलितांवरच्या देशभरातल्या अत्याचारांचा इलया पेरुमल समितीचा रिपोर्ट संसदेत येऊन पडला होता आणि कोणी काही करत नव्हतं. ही पोरं गावोगाव जायला लागली, जिथे अत्याचार झाला तिथे जाऊन उभी राहायची. गावातल्या माणसाला पहिल्यांदा वाटलं की आपल्यासाठी मुंबईहून कोणीतरी आलंय. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून त्यांनी नाव घेतलं, पण काम इथलंच होतं.

आणि वरळी का, तर ५ जानेवारी १९७४ ला पँथरची सभा इथेच झाली, चाळींच्या मधल्या मैदानात. पोटनिवडणुकीवर बहिष्कार टाका असं सांगणारी ती सभा. दगडफेक झाली, लाठीमार झाला, गोळीबार झाला, त्या दंगलीत रमेश देवरुखकर गेला. पाच दिवसांनी, १० तारखेला, निषेधाचा मोर्चा परळमधून जात असताना वरून कोणीतरी दगडी पाटा टाकला आणि पँथरचा कार्यकर्ता भागवत जाधव गेला. दंगल पुढे कितीतरी दिवस धुमसत राहिली, सरकारला चौकशीसाठी भस्मे कमिशन नेमावं लागलं. माझी आजी सांगायची की त्या दिवसांत रात्री दाराला आतून लोखंडी ट्रंक लावायचे आणि मुलांना खाटेखाली झोपवायचे, आणि पॅसेजमधे पावलं वाजली की अख्खी खोली श्वास धरून बसायची. ती ट्रंक अजून आमच्याकडे आहे, एका बाजूला चेपलेली.

साहेब, एखाद्या नेत्याचं नाव का सुचवत नाही असं मला आमच्याच लोकांनी विचारलं. पँथर १९७४ मधे फुटली, १९७७ मधे बरखास्तीची घोषणा झाली, पुढे गट पडत गेले हे खरंय, आणि कुठल्याही एका माणसाचं नाव घेतलं की दुसरा गट दुखावणार. पण मार खाल्ला तो सगळ्यांनी मिळून. म्हणून नाव संघटनेचंच पाहिजे, म्हणजे ज्याचा फोटो कधी पेपरात आला नाही त्या पोराच्या नातवाला पण ती बाग आपली वाटेल.

काही जण म्हणतील बागेला जातीवाचक नाव कशाला. त्यांनी १९७३ चा पँथरचा जाहीरनामा वाचावा. त्यात दलित म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया सुद्धा, असं स्पष्ट लिहिलंय. वरळीत राहणाऱ्या गिरणी कामगाराचं घर पण त्यात आलं, मग तो कुठल्याही जातीचा असो. त्यामुळे वाद नको म्हणून ‘पँथर उद्यान’ एवढंच ठेवू, असं कोणी सुचवलं तर कृपया मान्य करू नका. नावाची किंमत काय असते ते आम्हाला मराठवाडा विद्यापीठाने शिकवलंय. त्याला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा विधिमंडळाचा ठराव १९७८ चा, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, आणि मधल्या काळात लोकांची घरं जळाली, माणसं गेली.

नुसता गेटवर बोर्ड नको. आतमधे एका भिंतीवर साध्या मराठीत, शाळेतल्या पोराला उभ्याउभ्या वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, १९७२ ते १९७७ काय झालं ते लिहा. भागवत जाधव आणि रमेश देवरुखकर यांची नावं त्यावर पाहिजेत. उद्घाटन करणाऱ्यांची नावं खाली बारीक टाकली तरी चालतील. मजकूर तयार करायला त्या काळातले जे कार्यकर्ते आज हयात आहेत त्यांना बोलवा, ती माणसं आता सत्तरीच्या पुढे गेलीत, त्यामुळे हे काम टॉवर पूर्ण होईपर्यंत थांबवू नका. बोलावणार असाल तर मी त्यांना घेऊन तुमच्या ऑफिसला यायला तयार आहे, आणि येताना ती ट्रंक पण आणतो, भिंतीजवळ ठेवायची असेल तर.

आपला,
बीडीडी चाळीतला एक रहिवासी