माझी भीती खरी मानणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

स. न. वि. वि.

ऑपरेशनला सात महिने झाले. खांदा उत्तम आहे. पण आभार मानायचेत ते पहिल्या तपासणीचे. तुम्हाला ती आठवतही नसेल.

मला पलंगावर निजवून तुम्ही उजवा हात कोपरात वाकवलात आणि सावकाश मागे न्यायला लागलात. अर्ध्यावरच मी डाव्या हाताने तुमचं मनगट गच्च धरलं. तुम्ही तिथंच थांबलात. "बास. कळलं मला." हात सोडूनही दिला नाहीत. कोपराखाली तळवा धरून तो माझ्या पोटावर टेकवलात आणि माझा श्वास सुटेपर्यंत तळवा काढला नाहीत. मग म्हणालात, "यात दुखण्यापेक्षा भीती महत्त्वाची. खांदा आता सटकणार हे तुझ्या अंगाला कळतंय. तुझी भीती खरी आहे."

मी रडले ती त्या वाक्याने. दोन वर्षं मी फक्त 'भित्री' ऐकत होते.

पहिल्यांदा सतराव्या वर्षी, कबड्डीत पकड करताना खांदा निखळला. हाडवैद्याने ओढून बसवला, तेल चोळलं, पट्टी बांधली. दुसऱ्या वेळी ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी मोबाईलवरून मान वर न करता गोळ्या लिहिल्या. प्रशिक्षक म्हणाले, मन खंबीर कर. तिसऱ्यांदा तर झोपेत कूस बदलताना निखळला. एवढ्या कमी वयात निखळलेला खांदा पुन्हा निखळायची शक्यता खूप जास्त असते, हे यांतल्या एकानेही आईला सांगितलं नाही. त्याचा राग अजून जात नाही.

तुम्ही कागदावर खांद्याची खोबणी म्हणून बशी काढलीत, तिच्यावर दंडाच्या हाडाचा गोळा म्हणून लिंबू. बशीची पुढची कड सुटली की लिंबू घसरणारच, मग मन कितीही खंबीर करा. आईला ते एका मिनिटात समजलं. ही सुटलेली कड लंडनच्या बँकार्ट नावाच्या सर्जनने १९२३ मध्येच लिहून ठेवली होती, हेही तुम्हीच सांगितलंत. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आमच्या घरी पोचायला माझा खांदा तीनदा निखळावा लागला! खोबणीचं हाड फार झिजलं नव्हतं म्हणून दुर्बिणीतून कड परत जागेवर शिवून भागलं.

हुशार डॉक्टर पुष्कळ असतील. समोरच्याने मनगट धरल्यावर थांबणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. डॉक्टरच कशाला, शिक्षक, प्रशिक्षक, घरचे, सगळ्यांनीच असं थांबायला हवं. हात गळ्यातल्या झोळीत होता त्या चार आठवड्यांत आई माझी वेणी घालायची आणि रोज तुमचं नाव काढायची.

परवा एसटीत गर्दी होती. वरच्या फळीवर बॅग टाकली आणि खाली बसल्यावर लक्षात आलं, उजव्या हाताने टाकली होती.

तुमची,
कबड्डीच्या मैदानात डाव्या कोपऱ्यात पुन्हा उभी राहिलेली एक पेशंट