करार जर्मनीशी, शिक्षक मात्र कंत्राटी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राज्यातील 10 हजार कुशल तरुणांना जर्मनीत रोजगार मिळावा, यासाठी महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी करार केला. त्याचे स्वागतच आहे. परंतु शाळांमधून जर्मन भाषा शिकवणारे आमच्यासारखे शिक्षक दर वर्षी नव्याने मुलाखतीच्या रांगेत उभे राहतात, याकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे लक्ष वेधू इच्छिते.

गेली नऊ वर्षे मी सरकारी शाळांत कंत्राटी पद्धतीने जर्मन शिकवते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलाखत होते, निवड झाली तरी नाव केवळ यादीवर राहते आणि बोलावणे येईल तेव्हा रुजू व्हायचे असते. उन्हाळ्याच्या सुट्टीचे मानधन नाही. एका वर्षी तर माझा विषय बंद झाल्याचे मला सूचनाफलकावर लावलेल्या वेळापत्रकातूनच कळले. सहावीत ज्यांना मुळाक्षरांपासून शिकवले होते, ती मुले सातवीत दुसऱ्या विषयाच्या वर्गात बसली होती.

असे धक्के देशपातळीवरही बसलेले आहेत. केंद्रीय विद्यालयांत 2011 च्या करारानुसार जर्मन ही तिसरी भाषा म्हणून शिकवली जाऊ लागली, आणि ऑक्टोबर 2014 मध्ये, शैक्षणिक वर्ष अर्धे सरलेले असताना, तिच्या जागी संस्कृत आणण्याचा निर्णय झाला. सुमारे 70 हजार विद्यार्थ्यांचा प्रश्न असल्याने पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. संस्कृत की जर्मन, हा वाद मला उकरायचा नाही (मी स्वतः दहावीला 100 गुणांचे संस्कृत घेतले होते). मात्र त्या गदारोळात शिक्षकांच्या पोटापाण्याचा विषय कोणी फारसा काढला नाही, हे आजही खटकते.

भाषा शिकवणे हे पुस्तक हाती देऊन भागणारे काम नाही. मराठी मुलांना जर्मनमधील तीन लिंगे जड जात नाहीत, कारण तो-ती-ते त्यांच्या तोंडी बसलेले असते. इंग्रजीच्या वाटेने शिकवले की हाच भाग महिनाभर खातो. ‘मेडशेन’ म्हणजे मुलगी आणि हा शब्द नपुंसकलिंगी, असे सांगितले की वर्ग हसतो. मग ‘ते पोरगं’ची आठवण करून दिली की मुले एकमेकांकडे पाहू लागतात. अशा खुब्या एका वर्षात हाती येत नाहीत, आणि शिक्षक बदलला की त्या त्याच्याबरोबरच शाळेबाहेर जातात.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर जर्मन, फ्रेंच, जपानी, कोरियन इत्यादी भाषांचा पर्याय सुचवला आहे. पण पर्यायी विषय म्हटला की मंजूर पद नाही, आणि पद नाही म्हणून शिक्षक कंत्राटी, हे चक्र काही सुटत नाही. एका शाळेत पूर्ण कार्यभार होत नसेल, तर जवळपासच्या दोन-तीन शाळा मिळून एक नियमित पद मंजूर करावे. विषय बंद करायचाच असल्यास तो सहावीच्या नव्या तुकडीपासून करावा, आधीच्या मुलांना आठवीपर्यंत तो पूर्ण करू द्यावा आणि शिक्षकाला किमान एक वर्ष आधी लेखी कळवावे. यासाठी नव्या कराराची गरज नाही, शिक्षण विभागाचे एक परिपत्रक पुरेसे आहे.

आपली,
एक कंत्राटी शिक्षिका, पुणे