बाय, तो दाखला

डिचोली,
२१ सप्टेंबर

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो बाबांनी मोठा करून दाखवला. लिस्बनच्या संसदेत, अध्यक्षांच्या आसनामागे, वर भिंतीवर ते एवढं मोठं चित्र! खाली तू लिहिलंस, “आई, तुझा धडा इथे भिंतीवर आहे.” त्या रात्रीच्या भांडणानंतर तुझं हे पहिलंच धड वाक्य. मी ते कितीदा वाचलं ते विचारू नकोस.

तुझ्या पोर्तुगीज पासपोर्टचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवून बसले आहे. तेव्हा चित्राबद्दलच लिहिते.

चित्रात उभा राहून बोलतोय तो मानुएल फर्नांदिश तोमास. पेशानं न्यायाधीश. पोर्तुगालचा पुढे राजा झालेला दों जुआंव सहावा १८०७ मध्ये नेपोलियनच्या फौजांपुढून अख्खा दरबार घेऊन ब्राझीलला गेला, तो तेरा वर्षं परतलाच नाही. मागे देश एका इंग्रज सेनापतीच्या हाती. १८१७ च्या ऑक्टोबरात कटाच्या आरोपावरून जनरल गोमिश फ्रेइर आणि आणखी अकरा जणांना फाशी दिलं. लोक गप्प बसतील असं वाटलं असेल. पण तीनच महिन्यांनी पोर्तू शहरात या माणसानं चार विश्वासू माणसं गुपचूप जमवायला सुरुवात केली. २४ ऑगस्ट १८२० ला तिथल्या पलटणी रस्त्यावर उतरल्या आणि पुढच्या जानेवारीत लिस्बनला नेसेसिदादिश राजवाड्याच्या ग्रंथालयात निवडलेले प्रतिनिधी बसले. त्याआधी सव्वाशे वर्षांत एकाही राजानं सभा बोलावली नव्हती. मुलांना मी हे सांगायचे तेव्हा “सव्वाशे वर्षं” म्हणताना थांबायचे. तू टेबलाखाली बसून माझ्या पेपरांच्या गठ्ठ्यावर रेघोट्या मारायचीस. एका मुलाच्या उत्तरावर तू लाल पेन्सिलीनं फूल काढलंस आणि मला त्याला एक गुण जास्त द्यावा लागला.

त्या सभेनं ३१ मार्च १८२१ ला इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, रद्द केलं. गोव्यातलं १८१२ मध्येच बंद झालं होतं, तरी ते नाव निघालं की आपल्या घरात अजून आवाज खाली येतो. संविधानावर सही झाली २३ सप्टेंबर १८२२ ला. परवा त्याला दोनशेच्या वर वर्षं होतील. सार्वभौम राष्ट्र, राजा नव्हे, असं त्यात लिहिलं. राजानं कायदा फार तर कारणं देऊन परत पाठवायचा, अडवायचा नाही. १ ऑक्टोबरला राजानं स्वतः शपथ घेतली. राणी कार्लोताबाईंनी घेतली नाही. आणि आठ महिन्यांत त्यांच्याच धाकट्या मुलानं, दों मिगेलनं, फौज उठवली, राजाही तिकडे वळला आणि सगळं पुसून टाकलं. आठ महिने, बाय! म्हणून मी म्हणते की कागदावर सही करण्याआधी तो कागद उद्या कोणाच्या हातात असेल हा विचार करावा. इकडचं, भारताचं पासपोर्टचं पुस्तक जमा केलंस की ते परत मिळणं सोपं नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर येता येतं, राहता येतं, मत देता येत नाही.

आलाच ना विषय. राहू दे.

त्या सभेतली एक गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही, कारण पुस्तकात नव्हती. ब्राझीलमधल्या बायआच्या एका प्रतिनिधीनं मागणी केली होती की, ज्या बाईला सहा औरस मुलं आहेत तिला तरी मताचा हक्क द्या. सभेनं ती फेटाळली. वाचलं तेव्हा मला माईची आई आठवली. सात बाळंतपणं, आणि कधी कोणी विचारलं नाही की बाई, तुझं म्हणणं काय. माईनं पहिलं मत दिलं १९६३ च्या डिसेंबरात. शाई पुसली जाऊ नये म्हणून तिनं दोन दिवस त्या बोटाला राख लागू दिली नाही, भांडी शकूमावशीनं घासली. तुला मी शाळेतल्या केंद्रावर कडेवर घेऊन जायचे तेव्हा तूही बोट पुढे करायचीस. एकदा त्या मास्तरांनी तुझ्या नखावर शाईचा ठिपका दिला. आठवतं?

तेच बोट डोळ्यांसमोर येतं आणि मग मी नको ते बोलते. “अण्णा आग्वादच्या तुरुंगात बसले ते यासाठी?” हे मी म्हणायला नको होतं. अण्णांना कोंडणारे पोर्तुगीज वेगळे आणि १८२१ मध्ये त्या ग्रंथालयात बसलेले वेगळे. इतिहास शिकवणाऱ्या बाईला एवढं कळायला हवं होतं. माझं चुकलं. तुझे बाबा म्हणतात, अण्णा असते तर त्यांनी तिकिटाचे पैसे दिले असते. असतीलही. तू स्वतःच्या जोरावर तिथे गेलीस हे मी भाजीवालीलासुद्धा सांगते.

अजून एक लिहिते आणि थांबते. १८२२ च्या जानेवारीत गोव्यातून त्या सभेसाठी तीन प्रतिनिधी निवडले होते. त्यांतले बर्नार्दो पेरिस द सिल्वा आपल्या नेवऱ्याचे. पुढे दों मिगेल गादीवर बसला तेव्हा त्यांना देश सोडावा लागला. १८३५ मध्ये ते गोव्याचे प्रीफेक्त, म्हणजे कारभाराचे प्रमुख, होऊन आले, तर तीन आठवड्यांच्या आत बंड झालं आणि पळून मुंबई गाठावी लागली. वारले ते लिस्बनलाच, १८४४ मध्ये. संविधानात आशियातल्या मुलखांची यादी आहे: साष्टी, बार्देश, गोवा, दमण, दीव, मकाव, सोलोर आणि तिमोरची बेटं. आपल्या डिचोलीचं नाव त्यात नाही. मी यादी दोनदा तपासली. कधी जमलं तर नेवऱ्याचा तो माणूस कुठे पुरलाय ते बघ आणि दोन फुलं ठेव.

फर्नांदिश तोमास संविधानानंतर दोन महिन्यांत गेला, घरात पैसा नव्हता. तू वेळेवर जेवतेस ना? फोटोत गळ्याची हाडं दिसतात. यंदा चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बाबांनी एकट्यानं बांधली, नारळाची पेंड डावीकडे झुकली होती, कोणी काही बोललं नाही.

बाबांचा जन्माचा जुना दाखला हरवलेला नाही. त्या पासपोर्टसाठी तू दोनदा विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. तो माईच्या पेटीत, तिच्या शालूखाली होता. या पार्सलमध्ये पाठवते आहे. उकडे तांदूळ, आमसुलं आणि मिस्कूट, कैरीचं लोणचं, आहे. दाखला वेगळ्या पिशवीत घालून तांदळाच्या तळाशी ठेवलाय, बरणीपासून लांब, तेल लागायला नको. जुना कागद आहे, घडीवर फाटत आलाय. उघडताना हळू.

तुझी,
आई