दोन खिडक्या, आठ पोट्टे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी शाळेची व्हॅन चालवतो. महाल, नंदनवन भागातले आठ पोट्टे सकाळी सदरच्या शाळेत सोडायचे आणि दुपारी घरी आणायचे, हे काम एकोणीस वर्षांपासून करतो. शाळा सुटेपर्यंत कडुलिंबाखाली गाडी लावून तुमचा पेपर वाचतो, छोट्या जाहिरातींसकट. गेल्या आठवड्यातली शाळांच्या वार्षिक यशाची पुरवणीही अशीच अख्खी वाचली. पहिली ते पाचवीची लेकरं तिच्यात दोनच ठिकाणी सापडली. एकदा फॅन्सी ड्रेसमध्ये आणि एकदा पाहुण्यांना गुलाबाचं फूल देताना.

त्यांचं वर्ष कसं गेलं ते मी सांगू शकतो. निम्मं तर माझ्याच गाडीत गेलं.

आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते, बाकी महाराष्ट्राच्या आठ-दहा दिवस मागून. पहिलीतली एक पोरगी माझ्या सीटची पाठ धरून रडायची. पंधरा ऑगस्टपर्यंत रडली. मग एका सोमवारी रडायचं विसरली, ते तिच्याही लक्षात आलं नाही. पोळ्याच्या आधी शाळेत नंदी सजवायची स्पर्धा झाली. आता तान्हा पोळा म्हणजे नागपूरकरांचा जीव की प्राण, पण बक्षीस मिळालं ते इतवारीतून सजवून आणलेल्या, चार चाकांच्या लाकडी बैलाला. तो एवढा मोठा की गाडीत मावेना, मालकाच्या बाबांनी स्कूटरवर आणला. दुसरीतल्या एकाने बुटाच्या खोक्याचा बैल केला होता. त्याची शिंगं सदर येईपर्यंत दोनदा पडली आणि दोन्ही वेळा सगळ्या गाडीने मिळून चिकटवली. परीक्षकांना हे कुठून दिसणार?

पाचवीतली ताई शिष्यवृत्तीला बसली होती. दीडशे-दीडशे गुणांचे दोन पेपर, म्हणून सकाळी गाडीत मोठ्याने पाढे म्हणायची. परिणाम असा झाला की पहिलीतल्या पोराला सतराचा पाढा पाठ झाला. सतरा म्हणजे किती हे त्याला अजून धड कळत नाही, ती गोष्ट वेगळी. ताई 'सतरा पंचे पंच्याऐंशी' म्हणायची आणि दुसरीतला खोक्यावाला म्हणायचा, 'ऐंशी पाच!' 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी दिलेल्या 'वीस एक, वीस दोन'वरून केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. माझ्या गाडीत तो वाद तीन चौकांत मिटला. ठरलं असं की ताईसमोर पंच्याऐंशी, एरवी ज्याचं त्याने पाहावं.

पण मला खरं सांगायचंय ते डिसेंबरचं. 1953 च्या नागपूर कराराच्या कृपेने आपल्याकडे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन येतं आणि अधिवेशनासोबत मोर्चे येतात. एका दुपारी कस्तुरचंद पार्कापाशी आम्ही तासाभर अडकलो. पुढे रस्ता बंद, घोषणा ऐकू येत होत्या. 'काका, हे लोक काहून ओरडून राहिले?' मी म्हटलं, मागण्या आहेत त्यांच्या. मागे कुजबुज झाली. डब्यात उरलेलं वाटून खाल्लं गेलं, आणि पाच मिनिटांत माझ्याच गाडीत मोर्चा निघाला: 'खिडकी सगळ्यांना मिळालीच पाहिजे!'

माझ्या गाडीला मागे दोन खिडक्या. जो आधी चढतो तो बसतो, म्हणजे वर्षानुवर्षं नंदनवनवाल्यांची मजा आणि महालवाले मधे चेपलेले. मी आजवर ओरडून, दटावून, कधी चॉकलेट देऊन भागवलं. एकोणीस वर्षांत मला जे सुचलं नाही ते यांनी त्या तासाभरात केलं. ताईने वही काढली. आठ पोट्टे, दोन खिडक्या, जाणं-येणं मिळून दिवसाला चार पाळ्या, सहा दिवसांच्या चोवीस. 'म्हणजे प्रत्येकाला तीन,' हे तिसरीतला बोलला, ज्याच्याबद्दल त्याच्या आईची कायमची तक्रार की याला भागाकार येत नाही. मग भांडण झालं ते गैरहजर असलेल्याच्या पाळीवरून. ती पहिलीतल्यांना द्यायची ठरली, कारण त्यांचं डोकं खिडकीपर्यंत कसंबसं पोचतं. खाली आठ सह्या. पहिलीतल्या दोघांनी सहीऐवजी आंबा काढला.

हे वेळापत्रक एप्रिलपर्यंत पाळलं गेलं. एकदाच मोडलं, संमेलनाच्या दिवशी. खोक्यावाला नाटकात संत्र्याचं झाड झाला होता आणि फांद्यांमुळे त्याला खिडकीशिवाय बसताच येईना. ज्याची पाळी होती तो मुकाट्याने उठला आणि वाटभर गळालेली कागदी संत्री गोळा करत राहिला. शाळेची सहल मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात गेली, तेव्हा याच मंडळींनी पट्टीने रूळ मोजले, अडीच फूट भरले आणि मला येऊन सांगितलं, 'काका, आपली गाडी त्याच्यावर नाही चालणार.' चला, तेवढी काळजी मिटली.

1 मेला प्रगतिपुस्तकं मिळाली. त्यात नंबर नसतो, 2010 पासून अ-1, अ-2 अशा श्रेणी असतात. तरी गेटवर पहिला प्रश्न तोच: 'कितवा आला?' तिसरीतल्याला गणितात ब-1 आहे. घरी पोचेपर्यंत तो गप्प होता. त्याच्या आईला मी वहीतलं ते पान दाखवलं. त्या म्हणाल्या, 'हे परीक्षेत नसते ना जी काका.' यावर मी काय बोलणार!

माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वर्षी पुरवणी काढाल तेव्हा लहान वर्गांना एक पान द्या, आणि ते मुख्याध्यापकांनी पाठवलेल्या यादीवरून भरू नका. शाळेचे शिपाई, आहार वाढणाऱ्या बाया, आम्ही व्हॅनवाले, यांना विचारा. फोटो नसला तरी चालेल.

ताई आता सायकलने मोठ्या शाळेत जाणार. वही तिने तिसरीतल्याकडे सोपवली आहे. त्याने सुटीतच नवीन तक्ता आखायला घेतला, पण तिच्या जागी येणारा पोट्टा कोणत्या वस्तीतला ते मला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही म्हणतो. जूनमध्ये तुमचा बातमीदार पाठवणार असाल तर माझ्या शेजारी बसू शकेल. मागची खिडकी मात्र मागू नये.

आपला नियमित वाचक,
एक व्हॅनवाले काका
नंदनवन, नागपूर