पंचगंगा घाटावरच्या अनोळखी हातांचे आभार

त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे घाट उजळतो, त्याचे फोटो सगळीकडे फिरतात. फोटोत न आलेल्यांचे हे आभार.

आधी, पणत्या आदल्या दिवशी पाण्यात भिजवून सावलीत वाळवणाऱ्या ताई-मावशींचे. कोरी माती तेल पिते आणि पणती अर्ध्यातच विझते. ओलीच वापरली तर वात तडतडते. वातीच्या टोकाला कापराची चिमूट लावणाऱ्या पोरांमुळे नदीवरचं वारं असूनही काड्या वाया गेल्या नाहीत. ‘पणती कडेला नको, आत उभ्या दगडाला टेकवा’ असं ओरडून सांगणाऱ्या काकांचेही आभार. कडेची पणती वाऱ्यानं विझते, नाहीतर कुणाच्या पदराला लागते.

रांगोळीआधी कोरड्या फडक्यानं दगडावरचं दव पुसणारे नसते, तर रंगाचे गोळेच झाले असते.

आणि उजाडल्यावर थांबलेले! सांडलेल्या तेलावर पाणी न मारता लाकडाचा भुसा टाकलात, तो झाडून पोत्यात भरलात. पाण्यानं तेल पसरून पायऱ्या आणखी निसरड्या झाल्या असत्या, शिवाय सगळं नदीत. लई भारी काम!

रांगोळीच्या दोन चाळण्या आमच्याकडे राहिल्यात. ज्यांच्या असतील त्यांनी घेऊन जाव्यात.