पाट यायला लागलेत

प्रिय आई, बाबा,

मी काकांकडे गणपतीच्या मूर्ती घडवायला शिकतोय त्यावर परवा फोनवर बाबा म्हणाले, "हौशीन चूल पेटना नाय रे." तेव्हा गणपतीच्या शाळेत, म्हणजे काकांच्या मूर्तीच्या कारखान्यात, गर्दी होती, हाताला माती होती, धड बोलता आलं नाही म्हणून आज लिहितोय.

आधी हे सांगतो की मी नोकरी सोडलेली नाही. दोन महिने बिनपगारी रजा घेतलीय, हप्त्याचे पैसे आधीच बाजूला काढलेत, आईच्या गोळ्यांचे दादाकडे दिलेत.

शाळेत यंदा मूर्ती बसवायचे 43 पाट आहेत, मागे खडूने नावं लिहून लोक ठेवून जातायत. सगळे शाडूचे. पाऊस थांबतच नाही, त्यात माती सुकता सुकत नाही आणि घाई केली की तडा जातो, म्हणून मी रात्री उठून पंखा फिरवून ठेवतो. एक दुकानवाला प्लास्टरच्या मूर्ती मागत होता, साच्यातून तिप्पट निघाल्या असत्या, मी नाही म्हटलं. पण बाबा, नाही म्हणता आलं ते पगारामुळेच. घर या एका सीझनवर चालवायचं असतं तर मीपण प्लास्टर घेतलं असतं, ज्यांनी घेतलं त्यांना मी नावं नाही ठेवत.

तुम्ही एसटी चालवत होतात आणि ड्यूटी बदलून डबलबारी भजनाला पखवाज घेऊन बसत होतात. रात्री दोनला आई दार उघडायची ते मला अजून आठवतं. दोन्ही सांभाळलंत ना तुम्ही? मला तेवढंच करायचंय.

काल काकांनी पहिल्यांदा मला सोंड वळवू दिली. डोळ्यांची आखणी अजून तेच करतात, म्हणाले अजून दोन वर्षं तरी थांब. पण दिवे लागले की त्यांना आता नीट दिसत नाही, चष्मा लावूनपण. रिटायर झाल्यावर शिक म्हणता, तेव्हा शिकवणार कोण? म्हणून ही दोन वर्षं मला हवीयत, पुढचे दोन सीझन पगार कमी येईल, ते तुम्ही चालवून घ्या एवढंच मागणं आहे.

दादाला तिकिटाचं विचारा, बुकिंग 60 दिवस आधी उघडतं आणि कोकणकन्या लगेच भरते. कुडाळला मी रिक्षा घेऊन येतो. आपला पाट माळ्यावरून काढून धुतलाय, एक पाय हलतोय, बाबा आले की ठोकून घेऊ.

तुमचा,
बाळू